पटावरचं विसावं नाव

सेंड दाबलं आणि मग वाचलं. माझं कायम असंच होतं. आधी अंगठे पळतात आणि डोकं मागून धापा टाकत येतं.

मेसेज असा होता: ‘आपल्या गावची शाळा बंद होणार!!! पट वीसच्या आत गेला की सरळ कर्जत रोडच्या पलीकडच्या शाळेला जोडणार. लहान लहान पोरांनी एवढा मोठा रोड क्रॉस करायचा का??? जागे व्हा. शेअर करा.’ पुढे तीन रडके चेहरे आणि एक मूठ. गावच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो क्रिकेट टीमच्या ग्रुपवर गेला, तिथून बचत गटाच्या, आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत फिरून फिरून माझ्याच मोबाईलवर परत आला. फक्त आता त्याच्या खाली कोणीतरी स्वतःच्या मनाने एक ओळ चिकटवली होती: ‘पालकांनी ताबडतोब दाखले काढून घ्यावेत.’

हे वाचलं तेव्हा मी शाळेतच होते. समोर बाई पोरांच्या खिचडीची चव बघत होत्या.

थांबा, मागून सांगते, नाहीतर मी परत तेच करेन.

आमचं गाव बदलापूरच्या पुढे, चामटोलीच्या अंगाला. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक व्हरांडा, एक हापसा. आजोबा तिथे शिकले, पप्पा शिकले, दादा आणि मी शिकलो. पुढे मी डी.एड. केलं, परीक्षा दिली आणि शिक्षक भरतीची वाट बघत घरी बसले. बसले म्हणजे काय, मला बसताच येत नाही. दिवसातून दहा वेळा वेबसाइट उघडायची, काही नाही, बंद करायची, परत उघडायची. आई म्हणायची, “अगं, हंड्याखाली जाळ घातल्यासारखी काय तडतडतेस?” शेवटी मार्चमध्ये बाईंनीच बोलावलं. बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, अंबरनाथ पश्चिमेहून रोज स्कूटीवर येतात. शाळेत शिक्षक दोनच, बाई आणि एक सर, आणि सर बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या ट्रेनिंगला.

“तू मराठी फास्ट टाइप करतेस म्हणे?”

“न बघता करते बाई.”

“मग हे बघून कर,” म्हणाल्या आणि कपाटातून जनरल रजिस्टर काढून माझ्या पुढ्यात ठेवलं.

जनरल रजिस्टर म्हणजे शाळेचं सगळ्यात मोठं पुस्तक. शाळा सुरू झाल्यापासून जे जे पोर पहिलीत आलं त्याची एकेक ओळ. नाव, जात, जन्मतारीख, पालकाचा धंदा, शाळा कधी सोडली, का सोडली. लोकांना अजून दाखल्यासाठी, जातीच्या कागदासाठी त्याच ओळीचा उतारा लागतो. पानं अशी झाली होती की उलटताना कोपरा बोटाला चिकटून यायचा. ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवायचं होतं. पगार शून्य, दुपारची खिचडी मात्र पक्की. मी एका पायावर तयार.

आणि खरं सांगू, मला वाटलेलं बोअर होईल, पण मी वेडीच झाले त्या रजिस्टरने. आमच्या शाळेचा इतिहास कुठे लिहिलेला नाही. म्हातारी माणसं सांगतात की पहिला वर्ग कोणाच्या तरी भाताच्या खळ्यावर बसायचा, मग देवळात, मग गावाने श्रमदान करून कुडाच्या भिंती घातल्या, मग कौलं आली, मग स्लॅब. पण धंद्याच्या रकान्यातून खाली खाली जा, अख्खा पट्टा डोळ्यासमोर येतो. आधी शेती, शेती, शेती, पानंच्या पानं शेती, अक्षर बदलतं, शाई बदलते, शेती बदलत नाही. मग एकदम कुठेतरी ‘अंबरनाथ, कारखाना’. मग कारखानेच कारखाने. एका पानावर तर पहिलीत इतकी पोरं की गुरुजींनी ओळींच्या मधे ओळी घुसवल्यात. पप्पा सांगतात तेव्हा दोन पाळ्यांत शाळा भरायची आणि दुपारपाळीची पोरं सकाळपाळीच्या पोरांची दप्तरं ढकलून जागा करायची. त्यानंतर रिक्षा, वॉचमन, बिल्डिंग लाइन, इस्टेट एजंट. आणि शाळा सोडण्याच्या कारणांचा रकाना तर विचारूच नका. ‘गुरे राखण्यास.’ ‘लग्न झाले.’ लग्न झाले, चौथीत! खाली येता येता ‘इंग्रजी माध्यम’, ‘कात्रप येथे फ्लॅट’, ‘इंग्रजी माध्यम’, ‘इंग्रजी माध्यम’. गाव वाढत गेलं आणि शाळा कमी कमी होत गेली, आणि हे दोन्ही एकाच पुस्तकात, शेजारशेजारच्या रकान्यांत.

आणि जन्मतारीख. एक जून. एक जून. एक जून. पूर्वी घरी बाळंतपण, कागद कोणाकडेच नाही. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, पोर सहा वर्षांचं बसायला पाहिजे, मग गुरुजी पोराकडे एकदा बघायचे, डोक्यावरून हात उजव्या बाजूने डाव्या कानाला लागतो का ते बघायचे आणि लिहायचे एक जून. पप्पांचा एक जून, काकांचा एक जून, गावातल्या अर्ध्या माणसांचा एक जून. आता ती मजाच झालीय, एक जूनला गावाच्या नाक्यावर एकच फ्लेक्स लागतो, त्यावर तीसचाळीस चेहरे, सगळ्यांना मिळून एकच ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. मी लहानपणापासून त्यावर हसत आलेय. घरात पण, सगळ्यांसमोर.

तर एप्रिलमध्ये मी टाइप करत होते आणि बाई व्हरांड्यात फोनवर होत्या. मला ऐकू आलं, “हो सर, माहितीये मला, पट वीसच्या आत गेला तर जोडणार.” पुढचं मी ऐकलंच नाही. मी तोपर्यंत टाइप करायला लागले होते.

पुढचं वाक्य बाईंनी मला नंतर सांगितलं. त्या फोनवरच्या सरांना म्हणाल्या होत्या, “पण आमचा नाही जात. चौथी बाहेर पडली की सतरा उरतात, अंगणवाडीतून पाच येतायत, बावीस.”

बावीस. म्हणजे शाळा वाचलेली होती. मी मेसेज टाकला तेव्हा शाळा वाचलेली होती.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, मेसेज वाचला, खालची ती दाखल्यांची ओळ पण वाचली आणि म्हणाल्या, “चांगलं लिहितेस. आता कोण कोण येतंय बघूया.”

मी ताबडतोब दुसरा मेसेज टाकला, ‘गैरसमज नको, शाळा चालू राहणार.’ त्याला दोन अंगठे आले. पहिला अजून फिरतच होता. वांगणीहून मावशीचा फोन आला, “काय गं, तुमची शाळा पाडली म्हणे?”

एक मेला निकालाच्या दिवशी झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटल्या आणि आईबाप दाखले मागायला रांगेत उभे राहिले. तीन पोरं शाळेतली. आणि अंगणवाडीतल्या पाचांपैकी तिघांचे पालक सांगून गेले की आम्ही येत नाही, बदलापुरात कात्रपच्या इंग्रजी शाळेत घातलं. सहा. बावीसातून सहा. दाखले मलाच टाइप करायला लागले. कारणाच्या रकान्यात काय लिहू विचारलं तर एक रिक्षावाले काका होते, त्यांची मुलगी दुसरी पास झालेली, ते म्हणाले, “लिही ना गो, शाला बंद पडणार म्हनून. तुझाच तं मेसेज हाय.”

“काका, ते चुकून झालं. नाही पडणार बंद.”

“आता नाय म्हनतेस. तवा तीन तीन रडत होतीस मोबाईलवर.”

मागे सगळे हसले. मी ‘पालकांची इच्छा’ लिहिलं. बोटं एवढी हळू कधीच चालली नव्हती.

बाईंनी जाताना स्कूटीला किल्ली लावली आणि सांगितलं, “सोळा. सप्टेंबरच्या शेवटी पंचायत समितीचे साहेब येऊन डोकी मोजणार. चार पोरं पाहिजेत. मी सुट्टीत पण येईन. तू?”

मी तर हालतच नव्हते तिथून.

मे महिनाभर आम्ही दोघी फिरलो. बाईंच्या स्कूटीवर मागे मी, हातात वही, डोक्याला ओढणी. याला शाळेच्या भाषेत पटनोंदणी म्हणतात. शहरातल्या लोकांना वाटतं पोरं आपोआप शाळेत येतात. नाही हो. मास्तर लोक भर उन्हात दारं वाजवत फिरतात, वहीत नावं लिहितात, आणि मागून मोठ्या शाळांची रंगीत पत्रकं येऊन ती नावं पुसून टाकतात. आम्ही आसपासच्या वाड्यांवर गेलो, वीटभट्टीवर गेलो (भट्टीवाले पावसाच्या आधी गावी परतणार होते, तिथे काहीच नाही), गावामागे नव्या बिल्डिंगा उठल्यात तिथे गेलो. सातव्या मजल्यावरच्या एका ताईंनी सेफ्टी डोअर न उघडताच विचारलं, “सेमी इंग्लिश आहे?” बाई म्हणाल्या, “आहे.” “स्विमिंग पूल?” बाई म्हणाल्या, “हापसा आहे.” दार बंद.

खाली वॉचमनची केबिन होती. वॉचमन जालन्याकडचा, त्याची बायको केबिनच्या मागे भाकऱ्या थापत होती आणि एक मुलगा, एक मुलगी पार्किंगच्या पट्ट्यांवर लंगडी घालत होते. दोघं कुठल्याच शाळेत नव्हते. बाई तिथेच खाली बसल्या, मुलीला दहापर्यंत मोजायला लावलं, तिने गाड्या मोजल्या. वॉचमन म्हणाला, “पण आमच्याकडं कागद न्हाईत म्याडम.” बाई म्हणाल्या, “पोरं आहेत ना? मग कागदाचं मी बघते.” अठरा झाले! मी स्कूटीवर मागे बसून नाचतच होते, बाईंनी खडसावलं, “हलू नकोस, पडू.”

पण गावात ज्या ज्या दारात गेले तिथे शेवटी एकच प्रश्न. आमच्या आळीतल्या काकूंनी तर पाणी पण नंतर विचारलं, आधी तेच: “आणि तुज्या घरची पोरगी कुठं जाते गो?”

माझी भाची. दादाची मुलगी. कात्रपच्या शाळेत सीनियर केजी झालेली, जूनमध्ये पहिलीत जाणार. सकाळी पिवळी व्हॅन आमच्याच दारात हॉर्न वाजवते, अख्ख्या गावाला ऐकू जातो.

मी म्हणायचे, “ते दादा-वहिनीचं आहे.” काकू म्हणायच्या, “हां. मग आमचंबी आमचं हाय.”

म्हणून एका सकाळी मी वहिनीला धरलं. वहिनी उल्हासनगरची. माहेर कॅम्प चार नंबरला, घर मराठी पण आजूबाजूला सगळे सिंधी, त्यामुळे तिच्या बोलण्यात मराठी, हिंदी, सिंधी सगळंच, आणि रविवारी आमच्या घरी दाल-पकवान. लग्न होऊन आली तेव्हापासून माझी दोस्त. ती ओट्यापाशी पुऱ्या लाटत होती आणि मी दारात उभी राहून भाषण दिलं. पूर्ण भाषण. मातृभाषा, आजोबा, चार पिढ्या, सरकारी शाळा आपली नाही तर कोणाची वगैरे.

वहिनी लाटत राहिली. “झालं?”

“नाही. सगळे मला तोंडावर विचारतात. तू तिला आपल्या शाळेत घातलंस ना, तर बाकीचे पण—”

“नाही.”

“पण का?”

“नणंदबाई, तुझी भरती लागली तर तू कुठे? नंदुरबार? गडचिरोली? जिकडे ऑर्डर तिकडे. बाईंची बदली झाली तर बाई कुठे? आणि शाळा बंद झाली तर माझी पोरगी कुठे?”

“बंद नाही होणार!”

“तूच लिहिलेलंस बंद होणार. मी वाचलं ना. मला पण आलेला तो.”

वहिनीने गॅस बारीक केला. मग ती जे बोलली ते तिने कधीच कोणाला सांगितलं नव्हतं, दादाला पण अर्धंच माहीत होतं.

ती चौथीत होती. सरकारी मराठी शाळा, चाळीपासून दोन गल्ल्या सोडून. एकाच बिल्डिंगमध्ये सकाळी सिंधी वर्ग, दुपारी मराठी. आधी सिंधी पोरं कमी झाली, कारण त्यांचे आईबाप इंग्रजीकडे वळले, मग मराठी पण. आणि वर्षाच्या मधेच एक दिवस गेल्यावर कळलं, बिल्डिंग धोकादायक, शाळा हलवली. कुठे हलवली ते तिच्या आईला कोणी नीट सांगेना. एका ठिकाणी गेले तर तिथे हिंदी माध्यम. दुसरीकडे गेले तर म्हणाले दाखला आणा. दाखला आणायला गेले तर रजिस्टरच सापडेना, हलवताना कुठे गेलं कोणाला माहीत नाही.

“अरे यार, मी चार वर्षं रोज जात होते त्या शाळेत. हजेरीला ‘हजर’ म्हणायचे. आणि कागदावर मी नव्हतेच. सहा-सात महिने घरी. आई जीन्सचे धागे कापायला आणायची, मी पण कापत बसायचे. मग एका शाळेत घेतलं कोणीतरी दया येऊन, परत तिसरीत. जन्मतारीख विचारली, आईच्या हातात कागद नाही. मग त्यांनी काय लिहिलं असेल?”

मला कळलं. ती बोलायच्या आधी कळलं आणि कानापर्यंत गरम झालं.

“एक जून,” वहिनी म्हणाली. “मी दिवाळीतली आहे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीची. तुम्ही सगळे एक जूनला हसता ना, मी पण हसते. माझा फोटो नसतो फ्लेक्सवर, एवढंच.”

पुरी तेलात टाकली, ती फुगली. वहिनीने माझ्या हातात ताट दिलं, जसं काही झालंच नाही. मी खाल्ल्या, पाच-सहा, उभ्याउभ्याच, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. सात-आठ वर्षं एका घरात राहतोय आम्ही.

त्या दिवसापासून मी तिला पोरीबद्दल एक शब्द विचारला नाही. आणि मला शाळेसाठी बोलताना पण लाज वाटायला लागली, कारण मी लोकांना काय सांगत होते? भरवसा ठेवा. कोणाच्या जोरावर? ज्या मुलीने अर्धा फोन ऐकून शाळा बंद पाडली तिच्या?

एक जून आला. बाईंची आयडिया होती, मी फक्त निरोप पोचवला, आणि या वेळी मेसेज नाही, घरोघरी जाऊन, तोंडाने. ज्यांचा ज्यांचा वाढदिवस आहे त्यांनी केक नाक्यावर कापायचा नाही, शाळेत यायचं. आणि आले, चक्क आले. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून. रिक्षावाले काका. आजोबांच्या वयाचे तिघंचौघं, काठ्या टेकत. बाईंनी व्हरांड्यात टेबल मांडलं, त्यावर धुतलेली चादर, त्यावर रजिस्टर. प्रत्येकाने आपली ओळ शोधायची. मी पानं उलटत होते.

काय गोंधळ! “ही माजी नाय, ही माज्या भावाची.” “भावाचं नि तुजं सालबी एकच कसं रे, एक जूनलाच दोघं?” “जुळं असतील.” “एक बाशिंगात नि एक पाळण्यात, कसलं जुळं!” एक आजोबा आपली ओळ सापडल्यावर बोट ठेवून उभेच राहिले. कारण होतं ‘गुरे राखण्यास’. मला म्हणाले, “दोनच गुरं होती गो. एवढी काय नव्हती.”

मग मी उभी राहिले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. मी म्हटलं, “मेसेज मी टाकला. अर्धंच ऐकून टाकला. शाळा बंद होत नव्हती, माझ्यामुळे सहा पोरं गेली. आता अठरा आहेत, दोन कमी आहेत. मला माफ करा.” एवढंच. मग मागून रिक्षावाले काका ओरडले, “आता हे पन ग्रुपवर टाकनार काय?” आणि हशा पिकला, मी पण हसले आणि डोळे पुसले.

केक संपल्यावर काका थांबले. त्यांची ओळ त्यांना सापडली होती, आणि बरोबर खाली त्यांच्या बहिणीची. चप्पल पायात सरकवत म्हणाले, “पोरगी घरी रडते, मैत्रिनी हितं हायत म्हनून. दाखला परत घेता काय?” बाई म्हणाल्या, “घेते की.” एकोणीस.

आणि मग एकोणीसच. दहा दिवस एकोणीस. मी मोबाईल उघडायची, बंद करायची, वही उघडायची, बंद करायची, हिशेब तोच. वाड्यांवर परत जाऊन आले. सातव्या मजल्यावर परत जाऊन आले. शाळा उघडायच्या दिवशी दाराला तोरण लावलं, पोरांच्या पायांचे कुंकवात बुडवून कागदावर ठसे घेतले, बाई हसत होत्या, पण मधेच गेटकडे बघत होत्या.

साडेदहाला वहिनी आली. साडी नेसून. बोटाला धरून भाची, अंगावर कात्रपच्या शाळेचाच युनिफॉर्म. मला हात पण केला नाही, सरळ बाईंच्या टेबलाशी.

“रजिस्टर कुठे ठेवता?”

बाईंना वाटलं चेष्टा. “कपाटात.”

“कपाट दाखवा.”

बाई उठल्या, दाखवलं. वहिनीने कपाटाचं कुलूप हलवून बघितलं. वरच्या फळीला हात लावून बघितला, ओल आहे का. “आणि हिने कॉम्प्युटरवर उतरवलंय ते?”

“एक माझ्याकडे, एक पंचायत समितीत, एक पेन ड्राइव्ह तुमच्या नणंदेकडे.”

“हिच्याकडचा मला द्या. ही हरवून बसेल.” मी ‘ए’ म्हटलं, कोणी लक्ष दिलं नाही. वहिनीने पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला जन्मदाखला काढला, घडी उलगडून टेबलावर सपाट केला. “हे बघून लिहा. पेनने. मी इथेच उभी आहे.”

“अहो, पण तुम्ही तर तिकडे—”

“बाई, हिची आत्या त्या सहा पोरांसाठी महिनाभर उन्हातून फिरली. माझ्या शाळेसाठी कोणीच नव्हतं फिरलं.” मग माझ्याकडे बघून, “आणि तू परत कुठे काय लिहिलंस ना, तर मोबाईल तांदळाच्या डब्यात जाईल.”

बाईंनी लिहिलं. तेवीस नोव्हेंबर. वहिनीने वाकून एकेक अक्षर वाचलं, नंतर एकदा बोटाने शाई वाळली का ते बघितलं. वीस!

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. वहिनीने हात पुढे केला. मी मोबाईल दिला.

मग जून संपला, जुलै, ऑगस्ट, पण मोजणी सप्टेंबरच्या शेवटी. तोपर्यंत रोज सकाळी मी व्हरांड्यातल्या चपला मोजायचे. एकोणीस जोड दिसले की परत पहिल्यापासून मोजायचे. वॉचमनच्या मुलाला कांजिण्या आल्या, बिल्डिंगवाले त्याच्या बापाला काढणार असं उठलं, मग नाही काढलं. गणपतीत चार दिवस कोणीच नाही. भरतीची यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं, आणि मला, खोटं कशाला बोलू, थोडं बरं वाटलं, मग रडू पण आलं.

आणि मोजणीच्या दिवशी सकाळी भाची तापाने फणफणलेली. वहिनी रात्रभर पट्ट्या ठेवून उठलेली. मी दारात चप्पल घालून उभी. विचारणार तरी काय? ‘तुझ्या आजारी पोरीला पाठव’?

“जा तू,” वहिनी म्हणाली. “मी बघते.”

साहेब आले, चहा नको म्हणाले, रजिस्टर मागितलं, पोरांना रांगेत उभं केलं. नाव वाचायचं, जन्मतारीख ताडून बघायची, डोकं मोजायचं. सोळा. सतरा. अठरा. वॉचमनच्या मुलीने आपलं नाव आल्यावर एवढ्या जोरात ‘हजर’ म्हटलं की साहेब दचकले. एकोणीस. साहेबांनी मान वर केली. “विसावं?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी गेटकडे.

गेटातून वहिनी येत होती, चालत नाही, जवळजवळ पळत, कडेवर शालीत गुंडाळलेली भाची, फक्त दोन पाय आणि लाल झालेला चेहरा बाहेर.

“अहो, तापात कशाला आणलंत?” साहेब म्हणाले.

“ताप उतरलाय, औषध दिलंय, लगेच परत नेते. आधी मोजा.”

साहेबांनी भाचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि रजिस्टरवर बोट फिरवत ओळ शोधायला लागले. पान उलटलं, परत मागे आले.

“जन्मतारीख...”

“तेवीस नोव्हेंबर,” वहिनी म्हणाली. त्यांना ओळ सापडायच्या आधीच.